दोनशे चौदाचा अख्खा फोटो

मी वधू-वर सूचक मंडळाचा प्रोग्रॅम लिहितेय, हे आईला मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, "मग तुझा फॉर्म भरलास का?" नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी सत्तावीस वर्षांची होते आणि डोंबिवली पूर्वेला एका गाळ्यात दोन कॉम्प्युटर मांडून एकटीच काम करत होते. शाळांचे निकाल, दवाखान्यांचे केसपेपर, ग्रंथालयांच्या याद्या, जे येईल ते. त्याआधी ठाण्याला नोकरी होती, पण माझं डोकं लवकर तापतं आणि तोंड फटकळ आहे, त्यामुळे ती टिकली नाही.

मंडळ चालवायच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही म्हणायचे. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर त्यांना एक खोली मिळाली होती आणि दर रविवारी तिथे मेळावा भरायचा. पद्धत ठरलेली होती. नावं कुणाचीच सांगायची नाहीत, फक्त नोंदणी क्रमांक. आलेल्या माणसांनी फोटोंच्या वह्या चाळायच्या, जो क्रमांक पसंत पडेल तो चिठ्ठीवर लिहायचा, खाली स्वतःचा क्रमांक लिहायचा आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. आठवडाभर बाई त्या चिठ्ठ्या घेऊन दोन्ही घरी फोन करत.

या वह्यांच्या प्रत्येक पानावर फोटोसाठी एक चौकोन छापलेला होता. लोक मात्र फोटो देत ते आपापल्या मर्जीने, कुणी पासपोर्टचा, कुणी स्टुडिओत काढलेला उभा, कुणी बहिणीच्या लग्नातला. मग बाई कात्री घेऊन बसत आणि फोटो चौकोनात मावेल असा कापत. वीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. कुणाचा कान गेला, कुणाच्या शेजारी उभ्या असलेल्या मामाचा नुसता खांदा उरला. बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. चेहरा दिसला म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये वह्या जाणार होत्या. फोटो स्कॅनरवर ठेवायचा, कॉम्प्युटरने तो डेटाबेसमध्ये साठवायचा, आणि मेळाव्यात क्रमांक दाबला की पडद्यावर फोटो आणि माहिती. चाचणीसाठी मी स्वतःचाच फोटो वापरला. पासपोर्टचा, काळा-पांढरा, कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला, त्यात मी कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते. मग मैत्रिणींकडून आणखी आठ-दहा तसलेच फोटो जमवले. सगळे स्वच्छ दिसले. मी खूश होऊन प्रोग्रॅम बाईंच्या हवाली केला. चाचणीतला माझा फोटो काढून टाकायला मात्र विसरले, आणि पहिल्याच रविवारी मला टिटवाळ्याच्या एका मुलाची चिठ्ठी आली. बाईंनी ती माझ्या हातात ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तीन रविवार गेले. बाईंची एकही तक्रार नव्हती. एका बुधवारी सकाळी मी सहज म्हणून मंडळात गेले, तर त्या पडद्याकडे बघत कौतुकाने म्हणाल्या, "किती नीट कापतं गं तुझं मशीन! मला एकेका फोटोला पाच मिनिटं लागायची."

मी म्हटलं, "कापतं म्हणजे?"

त्यांनी मला दाखवलं. पासपोर्टचे फोटो अख्खे दिसत होते. मोठे रंगीत फोटो मात्र वरून सुरू होऊन मध्येच संपत होते, आणि खाली नुसता राखाडी पट्टा. कुणी छातीपर्यंत दिसत होतं, कुणी गळ्यापर्यंत. एक उंच मुलगा तर हनुवटीलाच संपला होता. बाईंना वाटलं होतं, त्या कात्रीने करत तेच काम आता मशीन करतंय. तीन आठवडे त्या माझी चूक येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवत होत्या.

मी काही बोलणार इतक्यात दार ढकलून ती आली. तिशी ओलांडलेली, सुती साडी, हातात पर्स. विठ्ठलवाडीला राहायची आणि कल्याणला एका टायपिंग क्लासात शिकवायची. तिचा क्रमांक दोनशे चौदा. आम्ही तिला त्याच नावाने ओळखत होतो, आणि इथेही तेच ठेवते.

"बाई, माझा फोटो दाखवा," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

बाईंनी क्रमांक दाबला. हसरा चेहरा, गळ्यात बारीक साखळी, खांदे, आणि तिथून खाली राखाडी.

"हात कुठेत?"

मला काही कळेना. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पडद्यासमोर धरले. कोपराच्या खालपासून बोटांच्या टोकांपर्यंत कोडाचे पांढरे डाग होते. ती म्हणाली, "फोटो काढताना मी स्टुडिओवाल्याला मुद्दाम सांगितलेलं, हात मांडीवर पुढे घे, सगळं दिसलं पाहिजे. फॉर्मवर पण लिहिलेलं."

फॉर्मवर लिहिलं होतं, ते खरंच. पण माझ्या प्रोग्रॅममध्ये ती माहिती दुसऱ्या पानावर होती, आणि मेळाव्यात दुसरं पान कोण उघडतं? लोक फोटो बघायचे आणि चिठ्ठी लिहायचे. तीन रविवारांत दोनशे चौदाला अकरा चिठ्ठ्या आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यातल्या पहिल्या घरची माणसं तिला बघायला आली होती. तिने चहाचा ट्रे पुढे केला, मुलाच्या आईने हात बघितले आणि कप न घेताच म्हणाली, "फोटोत बरं लपवलंत."

मग तिने आधीचंही सांगितलं. पाच वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. काकांनी तिला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायला लावला, हातभर मेंदी काढायला लावली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. साखरपुड्यानंतर मेंदी उतरली आणि लग्न मोडलं. तेव्हापासून तिने एकच ठरवलं होतं, लग्न होवो न होवो, लपवलं असं पुन्हा कुणी म्हणता कामा नये.

"रविवारपर्यंत माझा अख्खा फोटो दिसला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर माझा नंबर काढून टाका. मला हे परत नको."

ती गेल्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाल्या, "अगं, राहू दे की तसंच. वहीत होती तेव्हा वर्षभरात तिला एक चिठ्ठी आली नव्हती. तेव्हा मी हात कापले नव्हते हो, तिने बजावलं होतं, म्हणून पानाबाहेर येईल असा चिकटवला होता. आता अकरा आल्यात. आधी चेहरा बघू देत लोकांना, हातांचं मागाहून सांगता येतं. आणि हे आपण कुठे केलंय? मशीनने केलंय."

खरं सांगते, मलाही मोह झाला. अकरा चिठ्ठ्या म्हणजे थोड्या नव्हेत. पण मशीनने केलंय हे वाक्य मला झोंबलं, कारण मशीनने काहीही केलं नव्हतं, मी केलं होतं. आणि तो फोटो तसाच ठेवणं म्हणजे काकांनी काढायला लावलेली मेंदी पुन्हा काढणं. मी बाईंना तसं तोंडावर सांगितलं. त्या दुखावल्या.

मग मी शोधायला बसले. पहिला संशय स्कॅनरवर होता, म्हणून स्कॅन झालेली फाइल डेटाबेसमध्ये जायच्या आधी उघडून बघितली. अख्खी. हात, साडीची किनार, खाली स्टुडिओचा गालिचासुद्धा. म्हणजे फोटो आत जाताना तरी तुटत होता, नाहीतर बाहेर येताना.

फोटो म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आकड्यांची एक लांबलचक माळ. ती वरच्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि पट्ट्यापट्ट्यांनी खाली उतरते. माळ मध्ये तुटली तर तिथपर्यंतचा फोटो दिसतो, पुढे काहीच नसतं. मी डेटाबेसला विचारलं, तुझ्याकडे दोनशे चौदाच्या माळेत आकडे किती? तो म्हणाला, एक्क्याण्णव हजार आणि वर काही. स्कॅनरच्या फाइलमध्येही बरोबर तितकेच. मग माझ्या प्रोग्रॅमने वाचून बाहेर आणलेले मोजले. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.

त्या उंच मुलाचा फोटो मोजला. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. आणखी तीन मोजले, प्रत्येक वेळी तेच. आमच्या धंद्यात हा आकडा बघितला की कान टवकारतात. दोनाची दुप्पट करत गेलात की पंधराव्या ठिकाणी हाच येतो, आणि कॉम्प्युटरमधल्या मर्यादा बहुतेक असल्या आकड्यांवरच घातलेल्या असतात. म्हणजे हा अपघात नव्हता. आत सगळं सुखरूप होतं आणि बाहेर आणणारं कुणीतरी मोजून एवढंच आणत होतं. टाकी भरलेली होती, बादली लहान होती. मला इतका आनंद झाला की मी बाईंना मिठीच मारली, आणि त्यांनी रुसवा विसरून विचारलं, "सापडलं?"

सापडलं होतं, पण बादली मोठी कशी करायची ते माहीत नव्हतं. डेटाबेसमधून माहिती आणून देणारा भाग मी लिहिलेला नव्हता, तो तयार मिळाला होता, आणि त्याचं जाडजूड पुस्तक होतं ठाण्याच्या माझ्या जुन्या ऑफिसात. ज्या साहेबांच्या टेबलावर राजीनामा आपटून मी बाहेर पडले होते, त्यांच्याच केबिनमध्ये, खिडकीशेजारच्या फळीवर. एरवी मी मेले असते पण तिथे गेले नसते. गुरुवारी सकाळी गेले. साहेबांनी वर बघितलं, पुस्तक काढून दिलं आणि म्हणाले, "बस. चहा घेशील?" मी खाली मान घालून चहा घेतला. तो चहा गोड मानून घ्यायला मला जरा वेळ लागला.

दोनेक तास पानं उलटल्यावर ती ओळ मिळाली, बारीक अक्षरात, एका तक्त्याच्या खाली. काही सांगितलं नाही तर हा भाग एका खेपेला एवढेच आकडे आणतो आणि उरलेले तिथेच ठेवून परत येतो. चूक झाली असं कुठेही कळवत नाही. मर्यादा दुपटीपर्यंत वाढवता येते, असंही लिहिलं होतं. मी ती वाढवली आणि शुक्रवारी दुपारी दोनशे चौदाला बोलावून घेतलं. मला शाबासकी हवी होती.

फोटो उमटला. चेहरा, खांदे, ब्लाउजच्या बाह्या, दंड, कोपर. आणि राखाडी.

दुपटीने पासष्ट हजार होतात आणि तिचा फोटो एक्क्याण्णव हजारांचा होता, हा हिशोब चौथीतल्या मुलीलाही आला असता. उत्साहाच्या भरात मी तो केलाच नव्हता.

"आणि हात?" तिने विचारलं.

माझं डोकं फिरलं. दोन दिवस धावपळ केली होती, नको त्या दारात जाऊन आले होते. मी फटकन म्हणाले, "अगं, कोपरापर्यंत तर आलं ना! बुधवारी तेवढंही नव्हतं."

ती चिडली नाही. पडद्याकडेच बघत म्हणाली, "कोपरापर्यंत मी सगळ्यांसारखीच आहे."

मला इतकी लाज वाटली की मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. परत येऊन तिला म्हटलं, उद्या होईल. तिने मान हलवली आणि क्लासची वेळ झाली म्हणून निघून गेली.

शनिवारी सकाळी मी बादली मोठी करण्याचा नाद सोडला. खेपा वाढवायच्या ठरवल्या. आधी डेटाबेसला विचारायचं, एकूण आकडे किती? मग एक खेप आणायची, ती आधीच्या खेपेच्या शेवटाला जोडायची, जिथे थांबलो तिथून पुढची आणायची, आणि एकूण भरेपर्यंत थांबायचं नाही. सगळं झालं की पुन्हा मोजायचं. मोजणी जुळली तरच फोटो दाखवायचा. नाही जुळली तर चौकोन रिकामा ठेवायचा आणि त्यात लिहायचं, फोटो अपूर्ण आहे, मंडळाशी बोला. हे शेवटचं मला पुस्तकाने शिकवलं नाही, दोनशे चौदाने शिकवलं. अर्धा फोटो अख्खा म्हणून दाखवण्यापेक्षा कोरा चौकोन बरा. फॉर्मवरची ती ओळही मी पहिल्या पानावर आणली, फोटोच्या शेजारी.

पहिल्या वेळी शेवटची खेप दोनदा जोडली गेली, मोजणीने ते लगेच पकडलं. दुसऱ्या वेळी जुळली. फोटो उमटला आणि मांडीवर ठेवलेले ते दोन हात पहिल्यांदा पडद्यावर आले. स्टुडिओवाला चांगला असावा. बोटं एकमेकांत गुंतवलेली नव्हती, पदराखाली दडवलेली नव्हती, टाइपरायटरवर ठेवावीत तशी मोकळी पसरलेली होती. बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "छान आहे गं फोटो," आणि मग थोड्या वेळाने, "मी उगाच म्हटलं बुधवारी."

त्यानंतर आम्ही दोघींनी बाकीचे सगळे फोटो बघितले आणि हसून हसून मेलो. हनुवटीला संपलेला उंच मुलगा प्रत्यक्षात स्टुलावर उभा होता. ऐटीत कोट घालून आलेल्या एकाच्या पायात निळ्या स्लीपर निघाल्या. एका मुलीच्या मांडीवर चक्क मांजर होतं, आणि बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी त्या मुलीसाठी मनातल्या मनात दोन स्थळंही योजली.

रविवारी मेळाव्याला खोली भरली. पडद्यासमोर रांग लागली. मी क्रमांक दाबत होते, त्यामुळे दोनशे चौदा आला की लोकांचे चेहरे मला नीट दिसायचे. आधी कौतुक, मग नजर खाली उतरायची, मग कुणीतरी म्हणायचं, पुढचा दाखवा. किती वेळा ते ऐकलं, मोजलं नाही. ती मागच्या बाकावर बसून सगळं बघत होती. मला तिच्याकडे वळून बघण्याची हिंमत होईना. दुपारपर्यंत मला वाटायला लागलं होतं की बुधवारी बाईच बरोबर होत्या, मी नको तिथे शहाणपणा करून एका चांगल्या बाईचं नुकसान केलं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर बाईंनी डबा उलटा केला आणि चिठ्ठ्या क्रमांकाप्रमाणे लावल्या. दोनशे चौदाच्या नावावर एक होती.

"अगं," मी तिला म्हटलं, "मला माफ कर. अकराची एक केली मी."

तिने चिठ्ठी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "अकरा घेऊन काय करू? लग्न एकाशीच करायचंय ना?"

चिठ्ठीवर ज्याचा क्रमांक होता त्याचा फॉर्म मी पडद्यावर आणला. चौतीस वर्षांचा, एका कारखान्यात फिटर. राहणार दिवा स्टेशनजवळ, भाड्याची खोली, आणि पुढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, पाणी दिवसाआड येतं, कधीकधी तेही नाही. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी त्याला शंभरदा सांगितलं, हे लिहू नकोस, दिव्याचं नाव वाचलं की मुलीकडचे पुढे वाचतच नाहीत. ऐकतच नाही." दोनशे चौदाने ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि त्या दिवसात पहिल्यांदा मोठ्याने हसली.

फोन करायचं काम बाईंचं होतं, वीस वर्षांचा नियम होता. तिने रिसीव्हरसाठी हात पुढे केला आणि बाईंनी तो तिच्या हातात दिला. नंबर त्याच्या खोलीखालच्या किराणा दुकानाचा होता. दुकानदाराने त्याला बोलावणं धाडलं. ती रिसीव्हर कानाला लावून टेबलाशी उभी होती, मी आणि बाई चिठ्ठ्यांचे गठ्ठे उगाच वर-खाली करत होतो.

मग ती सरळ झाली. "नमस्कार," ती म्हणाली. "मी दोनशे चौदा बोलतेय. एकच विचारायचं होतं. तुम्हाला फोटो अख्खा दिसलेला ना?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्याला बरंच काही सांगायचं असावं. ती ऐकत राहिली, आणि मग मोकळ्या हाताने खुर्ची ओढून घेऊन बसली.